दसऱ्यानंतर पिकणारं फळ

तिसगावच्या बाजारातून निघून जो रस्ता डोंगराकडे चढतो, त्याच्या अगदी शेवटी एक वस्ती लागते. तिथं लंकाबाईचं घर. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं एक लिंब आणि मागं न्हाणी. या न्हाणीच्या सांडपाण्यावर लंकाबाईनं रासबेरी लावली, तेव्हा गावात तिला कुणी हसलं नाही. हसायला आधी रासबेरी म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं, आणि ते तिथं कुणालाच नव्हतं.

लंकाबाई ऊसतोडीला जाणारी बाई. लग्न होऊन आली त्याच साली दसरा झाला, मोहट्याच्या देवीची यात्रा पांगली आणि दारात ट्रक उभा राहिला. तेव्हापासून दर साली तेच. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते. एकट्या माणसाचा कोयता होत नाही, त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला कुठला मुकादम उभा करत नाही. त्यामुळं दसऱ्यापासून फाल्गुनातल्या मढीच्या यात्रेपर्यंत लंकाबाईचं घर बंद नसायचं, पण तिचं नसायचं. घरी सासू बनुबाई आणि मुलगी पंकजा. लग्न झाल्यापासून लंकाबाईनं आपल्या दारातली दिवाळी पाहिली नव्हती.

तिला झाडांची भारी हौस. पाऊस पडला की कुडाला दोडका लावायची, कारलं लावायची. वेल फुलावर यायचे आणि ट्रक यायचा. "माझ्या हाताला लावायचंच नशीब हाय, तोडायचं न्हाई," असं ती हसून म्हणायची. तोडायचं नाही कसं, जन्मभर तोडतच होती, पण ते दुसऱ्याचं.

एके साली टोळी साताऱ्याकडं गेली. ज्यांचा ऊस, त्यांच्या बंगल्याच्या मागं पाण्याचा नळ होता. लंकाबाई हंडा घेऊन तिथं जायची. बंगल्यातली म्हातारी, सगळे तिला आक्का म्हणायचे, एका काटेरी झुडपापाशी वाटी घेऊन उभी असायची. एका सकाळी तिनं लंकाबाईला हाक मारली.

"अगं ए, हात पुढं कर."

लंकाबाईच्या तळहातावर तिनं एक लाल फळ ठेवलं. बारक्या बारक्या मण्यांचं, आतून टोपीसारखं पोकळ. लंकाबाईनं ते तोंडात टाकलं. आधी आंबट लागलं, मग गोड, आणि मग एक वास राहिला. गुलाबाचा म्हणावा तर गुलाबाचा नव्हे. उसाच्या फडात राहून तिचं तोंड गोडाला विटलेलं होतं, पण हे गोड निराळं होतं. ती हंडा भरायचा विसरून तशीच उभी राहिली.

"आमच्या जावयानं पाचगणीहून आणली रोपं," आक्का म्हणाली. "रासबेरी. हिची एक जात उन्हाळ्याला फळते, ही दसरा-दिवाळीला. हिचं एक बरं, माघात सगळ्या काड्या बुडापासून छाटून टाकायच्या. एकसुद्धा ठेवायची नाही. मग नवा फुटवा येतो आणि त्याच साली त्याला फळ लागतं."

"म्हंजे खोडवाच म्हना की," लंकाबाई म्हणाली. "उसावानी."

आक्का हसली. "तसंच बघ."

त्यानंतर लंकाबाई रोज तिथं थोडं थांबू लागली. पिकलेलं फळ नुसत्या बोटाच्या धक्क्यानं हातात येतं, पांढरा दांडा झाडालाच राहतो. जे ओढावं लागतं ते कच्चं, हे ती शिकली. हंगाम संपला त्या दिवशी आक्कानं झुडपाच्या बाजूनं उगवलेले कोंब मुळासकट खणून दिले, ओल्या बारदानात गुंडाळून.

"तुमच्याकडं ऊन फार. येतील असं मी सांगत नाही हं."

"न येऊ द्या, आक्का. लावून तर बघते."

परतीच्या ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांच्या ढिगात ते बारदान लंकाबाईच्या मांडीवर होतं. तिचा नवरा आसाराम म्हणाला, "ह्याचं काय खायचं? निस्ते काटं."

आसाराम वाईट माणूस नव्हता. दारू नाही, बायकोवर हात उगारणं नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की जे आपल्या हातात नाही त्याचा विचार करत बसू नये. आणि त्याच्या लेखी कशातलंच काही आपल्या हातात नव्हतं.

तो उन्हाळा कडक गेला. वस्तीवर टँकर यायचा, पाण्याला भांडणं व्हायची. लंकाबाईनं काठ्या रोवून जुन्या लुगड्याची सावली केली. भांडी घासलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्या कोंबांना. तरी एकेक करत ते करपले. एकच तगला, तोही मरायला टेकलेला. मृगाचा पाऊस झाला आणि त्याच्या बुडातून हिरवी टोकं वर आली. पोळ्यापर्यंत झुडूप कमरेला लागलं. भादव्यात पांढरी फुलं धरली. नवरात्रात फुलांच्या जागी हिरव्या गाठी दिसू लागल्या आणि माळ उठल्यावर ट्रक आला.

लंकाबाईनं चाललेल्या ट्रकमधून पंकजाला ओरडून सांगितलं, "ओढायचं न्हाई! आपसूक हातात यील तवाच खायचं!"

त्या दिवाळीला ती फडावरच्या कोपीत होती. पाचटाच्या त्या खोपटाबाहेर बसून तिनं फोन लावला.

"आई, पिकली!" पंकजा ओरडतच बोलत होती. "आज आजीनं अन् मी खाल्ली."

"कशी हायेत?"

"आंबट हायेत. पर वास लई भारी. आजीला दिसत न्हाई ना, ती निस्ता हात फिरवती झाडावर अन् पिकलंय तेच काढती. मला काटं टोचले."

"अजून हायेत का?"

"हायेत की. तुला ठिवू का?"

ठेवणार कशी? रासबेरी सकाळी काढलेली संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पंकजानं थोडी पत्र्यावर वाळवली. लंकाबाई फाल्गुनात घरी आली तेव्हा तिच्या हातावर चिमूटभर काळपट काहीतरी पडलं. दाताखाली नुसतं बी आलं. तरी ती चावत राहिली आणि "ब्येस हाय" म्हणाली.

माघातली छाटणीही फोनवरच झाली होती. पंकजा विळा घेऊन उभी आणि बनुबाई तिच्यावर खेकसत होती, "जित्या झाडाला कापती, अवदसा!" लंकाबाई पलीकडून सांगत होती, "आत्याबाई, कापू द्या तिला. तसंच असतंय त्याचं." पंकजानं डोळे मिटून कापलं. पुन्हा उन्हाळा, पुन्हा लुगड्याची सावली. या वेळी फुटवा दाट आला, न्हाणीच्या भिंतीशी चांगलं झुडूप झालं आणि लंकाबाईच्या मनात एक गोष्ट घर करून बसली. एक साल, फक्त एक साल, दिवाळीला घरी राहायचं.

ती गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नाही. दुसराही हंगाम तसाच फडावर गेला. पुढच्या हंगामात मात्र दव पडून निसरडी झालेल्या फळीवरून ती मोळीसकट खाली आली. उठली, काम केलं, पण रात्री कूस बदलता येईना. हंगाम तिनं दात खाऊन पुरा केला. गावी आल्यावर पाथर्डीच्या डॉक्टरनं सांगितलं, कंबरेतली गादी सरकलीय, यापुढं ओझं उचलायचं नाही. कमरेला पट्टा दिला. लंकाबाई घरी आली ती थोडी खुशीतच. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण तिला वाटलं, झालं, आता कोण नेतंय मला.

नवरात्रात वैजनाथ मुकादम दारात येऊन बसला. चहा झाला. पंकजा बारावीला होती, शाळेतून नुकतीच आली होती आणि आत आजीला भाकर वाढत होती.

"बाईचं तर आईकलं मी," वैजनाथ म्हणाला. "पर आसाराम, अर्धा कोयता घिऊन मी काय करू? टोळी ठरल्याली हाय. दुसरं मानूस दे."

आसाराम आत न बघता म्हणाला, "पंकजा यील."

आतलं भांड्याचं वाजणं थांबलं. लंकाबाई बाजेवरून उठली. उठताना भिंत धरावी लागली.

"बारावी हाय तिची औंदा."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" आसाराम म्हणाला. "मग सांग तू, कोन यील?"

सांगायला कुणी नव्हतं. आसारामचा पुतण्या होता, पण तो आपल्या बायकोबरोबर जोडीनं जायचा. भाऊ थकलेला. लंकाबाई लिंबाखाली उभी राहून मुकादमाकडं बघत राहिली. मुकादमानं मान खाली घातली. त्यालाही पोरी होत्या.

"मीच येते," ती म्हणाली. "पट्टा बांधून येते. हलक्या मोळ्या बांधीन."

"अगं, जमल का तुला?"

"जमल."

त्या संध्याकाळी ती मागं गेली. झुडपावर हिरव्या गाठी होत्या, एखाददुसरी गुलाबी व्हायला लागली होती. आत पंकजा पुस्तक उघडून बसलेली दिसत होती. लंकाबाईनं झुडपाला हात लावला नाही. ती आत आली आणि बोचकं बांधायला घेतलं.

जमलं नाही. हलकी मोळी असली तरी मोळीच. दिवाळीच्या आधीच एका दुपारी ती फडात खाली बसली आणि पुन्हा उभी राहू शकली नाही. बायांनी तिला पाचटावर निजवलं. आसाराम कोयता हातात तसाच धरून तिच्याशेजारी बसून होता. तो रडला नाही, पण त्यानं कोयता खाली ठेवायला फार वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या कानिफनाथची पिकअप माल घेऊन तिकडं आली होती. तिच्या हौद्यात गोधडी टाकून लंकाबाईला घरी पाठवलं. गाडी दारात थांबली तेव्हा पंकजाची पिशवी भरलेली होती. बापाचा फोन आधीच आला होता. कानिफनाथनं आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं लंकाबाईला उचलून बाजेवर ठेवलं, आणि टोळीकडं परत निघालेल्या त्याच गाडीत पंकजा चढली. मध्ये घोटभर चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ मायलेकींना मिळाला.

लंकाबाईला म्हणायचं होतं, जाऊ नको. पण तिकडं बाप एकटा, टोळी थांबलेली, आणि तिनं जाऊ नको म्हटलं असतं तरी गाडी जाणारच होती, हे तिला कळत होतं. पंकजानं दोरीवरचा शाळेचा ड्रेस काढला, घडी घातली, पेटीत ठेवला. मग आईच्या उशाशी वाकली.

"मागं पिकायला लागलीत, आई. रोज बघत जा. न्हाईतर बुलबुल ठिवत न्हाईत."

"पंके..."

"परीक्षेला यीन मी," पंकजा म्हणाली आणि पटकन बाहेर गेली.

अशी लंकाबाईला दिवाळी घरी मिळाली. वस्ती अर्धी रिकामी. कड्या-कुलपं लागलेली घरं, म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. पणत्या चार दारांत लागल्या, बाकी अंधार. बनुबाई म्हणाली, "दर दिवाळीला असंच असतंय. तुमी लोक कुठं असता बघायला?" लंकाबाईला पहिल्यांदाच कळलं, की सासूनं एवढी वर्षं हे असलं गाव सांभाळलं.

पाडव्याला सकाळी भिंत धरत धरत ती न्हाणीमागं गेली. झुडूप लाल झालं होतं. बुलबुलांनी वरची बरीच फोडली होती, खालची तिच्या हाताला येत नव्हती, वाकता येत नव्हतं. मधल्या एका फांदीला तिनं बोट लावलं. फळ अलगद हातात आलं. तिनं ते तोंडात टाकलं. चव तीच होती, साताऱ्याच्या आक्काच्या दारातली, तोच वास. बिघडलेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. मग तिनं पदरात थोडी गोळा केली आणि सासूला नेऊन दिली.

"तू खाल्लीस का?" बनुबाईनं विचारलं.

"खाल्ली."

"बरी हायेत?"

"व्हय, आत्याबाई. बरी हायेत."

त्या आठवड्यात कानिफनाथ पुन्हा तिकडं निघाला. लंकाबाईनं पहाटेच फळं काढली, स्टीलच्या डब्यात खाली ओलं फडकं घातलं, वर रासबेरीचीच पानं अंथरली आणि डबा त्याच्या हातात दिला. "सावलीत ठिव भाऊ. हापटू नको." कानिफनाथ चार दिवसांनी रिकामा डबा घेऊन परत आला. घासलेला होता. तो भोळा माणूस. "वैनी, पुढच्या टायमाला लाडू-चिवडा द्या," तो म्हणाला. "त्याचं निस्तं पानी झाल्तं. फेस आल्ता वर. पोरीनं झाकन उघडलं अन् बांधावर वतून दिलं."

संध्याकाळी पंकजाचा फोन आला.

"आई, डबा मिळाला गं."

"खाल्ली का?"

"खाल्ली की. लई गोड हुती औंदा. बानं पन खाल्ली."

"हात कसं हायेत?" लंकाबाईनं विचारलं.

"बरं हायेत. फोड आल्ते, बसलं आता."

"रातच्याला त्याल लाव."

"लावते."

परीक्षेला पंकजा आली नाही. टोळी कर्नाटकाच्या हद्दीजवळ गेली होती, फड अर्ध्यात होता, आणि मधेच एक माणूस काढून पाठवणं कुणाला जमलं नाही. शाळेतल्या मॅडमचा फोन आला तेव्हा लंकाबाई हो हो म्हणत राहिली. फाल्गुनात पंकजा घरी आली. रंग काळवंडलेला, हाताला घट्टे, उसाच्या पात्यांनी गालावर बारीक रेघा. पुढच्या वर्षी परीक्षा देते म्हणाली. शाळेचा ड्रेस पेटीतून काढून तिनं वस्तीवरच्या एका पोरीला देऊन टाकला. बसत नाही म्हणाली.

वैजनाथ मुकादमानं स्थळ आणलं ते चैत्रात. मुलगा भिमाजी, शेवगावकडचा, कामसू, व्यसन नाही. त्यालाही जोडी हवी होती. पंकजाला अठरा पुरी होऊन महिना झाला असेल नसेल. लंकाबाई आसारामला म्हणाली, "यवढ्यात कशाला?" आसाराम म्हणाला, "मंग कवा? एकदा फडावर गेलेली पोर हाय. लोकं काय म्हनत्यात तुला ठावं न्हाई का?" पंकजाला कुणी विचारलं नाही असं नाही. लंकाबाईनं विचारलं. पंकजा तांदूळ निवडत होती. "चांगला हाय म्हनत्यात," ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला.

लग्न वैशाखात झालं. मांडव पुढं, लिंबाला धरून. आचाऱ्यांना चुली कुठं पेटवाव्यात ते कळेना, पुढं वाऱ्यानं मांडवाला जाळ लागला असता. ते मागं गेले. न्हाणीची भिंत आडोशाला बरी पडली. माघात लंकाबाईनं खाली बसून, सरकत सरकत, सगळ्या काड्या बुडापासून कापल्या होत्या, त्यामुळं तिथं वर दिसण्यासारखं फारसं काही नव्हतं. लुगड्याच्या सावलीत वीतभर फुटवा, बस. आचाऱ्यांनी काठ्या उपटल्या, लुगडं बाजूला टाकलं आणि त्याच जागेवर दगड मांडून मोठी चूल घातली. लंकाबाई मागच्या दारात उभी होती. तिनं पाहिलं. आत पंकजाला हळद लागत होती, बाया गाणी म्हणत होत्या, पाहुण्यांच्या गाड्या येत होत्या. एका झुडपासाठी लग्नाच्या दिवशी चूल हलवा म्हणायचं, हे तिला तोंडातून काढता आलं नाही. दिवसभर तिथं जाळ होता. बुंदी पडली, भात शिजला.

लग्नानंतर तिनं राख उकरून बघितली. पाणी घालत राहिली. पाऊस लागल्यावर भिंतीच्या पार टोकाला एक कोंब आला. त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायचं म्हणून ती काटे गोळा करायला गेली आणि तेवढ्यात शेळीनं तो खाल्ला. नंतर काही आलं नाही. बनुबाई हात फिरवत फिरवत मागं जायची आणि परत यायची. लंकाबाईनं आक्काला फोन लावून बघितला होता, नवीन कोंब मिळतील का म्हणून. फोन कुणा दुसऱ्यानंच उचलला. आक्का जाऊन साल झालं होतं.

त्या दसऱ्याला आसाराम पुतण्याबरोबर जोडी करून गेला. पुतण्याची बायको बाळंतीण होती, म्हणून या साली जमलं. आदल्या साली हीच बाई बाळंतीण असती तर? हा विचार लंकाबाईच्या मनात आला आणि तिनं तो पुढं जाऊ दिला नाही.

आसाराम गेल्यावर चार दिवसांनी दुसरा एक ट्रक वाट वाकडी करून वस्तीच्या रस्त्याला थांबला. शेवगावकडची टोळी होती. वर भांडी, गोधड्या, बायामाणसं आणि त्यात पंकजा, डोक्याला घट्ट फडकं बांधून. भिमाजी खाली उतरला, सासूच्या पाया पडला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पंकजा उतरली नाही. उतरून पुन्हा चढायला वेळ लागतो. लंकाबाई कंबरेवर हात ठेवून ट्रकच्या फाळक्यापाशी जाऊन उभी राहिली.

"जेवली का?"

"जेवले, आई. तुजी कंबर?"

"हाय तशीच."

मग लंकाबाई म्हणाली, "आईक. मोळी घेताना कंबरेतून वाकायचं न्हाई. गुडघ्यात बसायचं अन् उठायचं. आन् फळी दवाची वली असली तर आदी माती टाक तिच्यावर. कितीबी घाई करू दे, माती टाकल्याबिगर चढू नको."

"व्हय."

"माझ्यावानी करू नको."

"न्हाई करनार."

भिमाजी वर चढला. ट्रक सुरू झाला. पंकजानं फाळक्यावरचा हात उचलला नाही, नुसती बघत राहिली. वळणावर धूळ उठली.

लंकाबाई घराकडं वळली. दारात बनुबाई कान देऊन बसली होती.

"कोन हुतं गं?"

"पंकजा."

"आत न्हाई आली?"

"न्हाई. उशीर झाल्ता त्यांना," लंकाबाई म्हणाली, आणि सासूचा हात धरून तिला आत घेऊन गेली.